गंजाचं वजन

लालबागच्या कोपऱ्यावरच्या सराफाने आयुष्यभर सोनं तोललं, चांदी तोलली, एकदा कुणाचा तरी सोन्याचा दातही तोलला. लोखंडी खिळे मात्र त्याच्या काट्यावर एकाच बाईने ठेवले. होळीच्या आधीच्या एका दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, कुंदा घाडी आत शिरली. पाठोपाठ शाळेच्या गणवेशातली पाच-सहा पोरं. पर्समधून रुमाल काढून तिने काचेवर उलगडला. आत नवेकोरे खिळे.

"बाई, सोन्याचे आहेत काय?" सराफ म्हणाला.

"लोखंडाचे. पण तोलायचे सोन्यासारखे."

"आणि करायचं काय ह्यांचं?"

"गंजवायचे," मनवा म्हणाली. आठवीतली मुलगी, कुंदाच्याच चाळीतली, बोलायला सगळ्यांच्या पुढे. "मग पुढच्या होळीला परत आणायचे. वजन वाढतं का कमी होतं ते बघायला."

"त्यात बघायचं काय? कमीच होणार. गंज लोखंड खातो."

"पैज?" मनवा म्हणाली.

कुंदाने तिला डोळ्यांनी दटावलं, पण स्वतःही काही सांगितलं नाही. उत्तर आधी फोडायचं नाही, एवढा एकच तिच्या वर्गाचा नियम होता. सराफाने एकेक खिळा चिमट्याने उचलून तोलला, आकडा मोठ्याने वाचला, आणि निघताना म्हणाला, "होळीला या नक्की. आता मलाही बघायचंय."

कुंदा घाडी मोरेश्वर बिल्डिंगमध्ये जन्मली आणि साठी आली तरी तिथेच राहिली. नाव बिल्डिंग, प्रत्यक्षात चाळ. वडील कणकवलीकडचे, मिलच्या साच्यावर, म्हणजे मागावर, होते. पोरगी हुशार निघाली म्हणून त्यांनी तिला बी.एस्सी. केलं आणि त्याच मिलच्या रंगखात्यातल्या लॅबमध्ये चिकटवली. कापडाचा रंग धुण्यात उतरतो का, उन्हात विटतो का, हे तपासायचं तिचं काम. त्या कामावर तिचा जीव होता. पुढे मिल बंद पडली. कुंदाने मग कुठे शाळेत बदली शिक्षिका म्हणून, कुठे रक्त तपासायच्या लॅबमध्ये, असे दिवस ढकलले. लग्न राहून गेलं ते गेलंच. आईचं आजारपण निस्तरेपर्यंत केस पिकले.

पण मिल बंद झाली त्याच वर्षी तिने एक गोष्ट चालू केली होती. तळमजल्यावर गणेशोत्सव मंडळाची एक खोली होती. गणपतीचा पाट, ढोलक्या, दिव्यांच्या माळा आणि गेल्या वर्षीच्या देखाव्याचं सामान ह्यांच्या मधोमध जी जागा उरायची, तिथे दर रविवारी सकाळी ती चाळीतल्या पोरांना रसायनशास्त्र शिकवायला बसली. शिकवायला बसली म्हणणंही तितकंसं बरोबर नाही. ती प्रश्न विचारायची आणि पोरांना उपद्व्याप करू द्यायची. हळदीच्या कागदावर कुणाच्या घरातला साबण जास्त लाल डाग पाडतो? लिंबाने तांब्याची लोटी का उजळते? फी नव्हती, फळा नव्हता, पाटी नव्हती. मंडळाने भाडं कधी मागितलं नाही आणि तिनेही कधी मंडळाच्या कारभारात नाक खुपसलं नाही. असं पंचवीस वर्षं चाललं.

खिळ्यांचं प्रकरण निघालं चाळीमुळेच. पालिकेची माणसं येऊन इमारत धोकादायक ठरवून गेली. गॅलरीच्या लोखंडी तुळयांना हात लावला तर पापुद्रे निघत होते. रविवारी पोरांनी विचारलं, "ताई, आपल्याच तुळया का सडल्या? समोरच्या बिल्डिंगच्या का नाही?" कुंदा म्हणाली, "मला काय विचारता? तुळईला विचारा." आणि मग बाटल्या आल्या. मुरंब्याच्या, सॉसच्या, खोकल्याच्या औषधाच्या. एकीत नळाचं पाणी, एकीत मिठाचं. मनवाचा मामा वरळीला, त्याने वरळीच्या समुद्राचं पाणी आणून दिलं. कफ परेडच्या मच्छीमार नगरातून एका पोराच्या आत्याने कॅनभर पाठवलं, तर त्यात एक जिवंत झिंगा निघाला आणि त्या रविवारी दुसरं काहीच झालं नाही. एका बाटलीत पाणी उकळून, गार करून, वर गोडेतेलाचा थर दिला, म्हणजे आत हवा जायला नको. प्रत्येक बाटलीत तोललेला एक खिळा.

मग वाट बघायची. पोरांना वाट बघायला लावणं हेच सगळ्यात अवघड, कुंदा म्हणायची. पाणी आधी पिवळं झालं, मग विटकरी, मग तळाशी चहाच्या चोथ्यासारखा गाळ बसला. एका बाटलीला वासही यायला लागला. कुणी हलवायची नाही, झाकण काढायचं नाही. वर्ष झालं की पाणी गाळून तो गाळ वाळवायचा आणि खिळ्यासकट तोलायचा, कारण गंजाचा कण हरवला तर सगळा हिशेब हरवला. फक्त तेलाखालचा खिळा तसाच चकचकीत राहिला होता. पोरांनी त्याचं नाव नवरदेव ठेवलं.

त्याच वर्षी इमारतीच्या पुनर्विकासाचंही ठरलं. जुनी चाळ पाडून टॉवर होणार. नकाशात तळमजल्यावर सभासदांसाठी एक खोली होती आणि तिच्यावर तिघांचा डोळा: व्यायामशाळावाल्यांचा, बालवाडीवाल्यांचा आणि मंडळाचा. कुंदाचा वर्ग ह्यातल्या कुठल्याच रांगेत नव्हता. ती हितेंद्रकडे गेली. हितेंद्र मंडळाचा सेक्रेटरी आणि पुनर्विकास कमिटीतही तोच. वर्गाच्या पहिल्या वर्षीच्या पोरांतला एक. रसायनशास्त्रात दोनदा नापास झालेला, पण कुंदाताईंचं नाव घेताना आवाज मऊ होणारा.

"ताई, मी तुमच्या बाजूनेच आहे," तो म्हणाला. "पण जनरल बॉडीत लोक काय विचारणार? हा वर्ग म्हणजे काय आहे? कुणाचा आहे? काय कागद आहे? व्यायामशाळेकडे शील्ड आहेत, ताई. भिंतभर."

"आमच्याकडे बाटल्या आहेत."

"तेच ना," हितेंद्र कपाळाला हात लावून म्हणाला.

मार्ग सापडला तो योगायोगाने. रसायनशास्त्राच्या प्रसारासाठी काम करणारी एक जुनी संस्था होती. शाळाकॉलेजाच्या बाहेर हे काम करणाऱ्या स्वयंसेवकांना आणि स्थानिक गटांना ती दरवर्षी सन्मान द्यायची. रक्त तपासायच्या लॅबमधल्या एका जुन्या मैत्रिणीने कुंदाचं आणि वर्गाचं नाव कळवलं. संस्थेकडून फोन आला: माघी गणपती झाल्यावरच्या रविवारी दोघं जण वर्ग बघायला येतील.

हितेंद्र उडालाच. "ताई, स्थानिक गट म्हणून मिळालं ना, तर खोली आपली! मी स्वतः जनरल बॉडीत मांडतो. परीक्षक येणार म्हणजे... ते आमच्यावर सोडा."

"अरे, ते देखाव्याचे परीक्षक नाहीत."

"परीक्षक म्हणजे परीक्षक. सलग चार वर्षं वॉर्डात पहिला नंबर काय उगाच आलाय? परीक्षक दारात पाच मिनिटं उभा राहतो. त्या पाच मिनिटांत त्याचा डोळा दिपला पाहिजे. बस."

कुंदा हसली. शनिवारी संध्याकाळी मंडळाची पोरं झाडू, बादल्या घेऊन खोलीत शिरलेली तिने वरून पाहिली. जिना उतरायला लागली तर हितेंद्र खालूनच ओरडला, "ताई, आज खाली यायचं नाही! सरप्राइज आहे!"

"बाटल्यांना हात लावू नका रे!"

"हात कोण लावतंय? नुसतं पुसून ठेवतो!"

ती परत वर गेली. गेली पंचवीस वर्षं वर्गाचं सगळं ती एकटीच बघत होती. आज पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या वर्गासाठी राबत होतं. खालून हसण्याचे, सामान सरकवण्याचे आवाज येत होते. तिने कपाटातली नारायण पेठ काढली आणि इस्त्री करत बसली. तिला बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं.

रविवारी सकाळी पाहुणे आले. एक निवृत्त प्राध्यापक, सगळे त्यांना सर म्हणत होते, आणि एक चाळिशीच्या मॅडम. अंगणात रांगोळी. शेजारच्या कमळाबाई, सत्तरीच्या, डोक्यावरून पदर घेऊन ओवाळायला उभ्या. खोलीच्या दाराला मंडळाचा लाल मखमली पडदा.

"ताई, तुम्ही पाहुण्यांबरोबरच बघायचं," हितेंद्र म्हणाला आणि त्याने दोरी ओढली.

आधी धूर आला. देखाव्यातलं धुराचं मशीन कोपऱ्यात फुसफुसत होतं. मग दिवे दिसले, निळे-हिरवे, फिरणारे. आणि मग फळी. फळीवर सगळ्या बाटल्या ओळीने, घासून लख्ख केलेल्या, आत लाल, निळं, हिरवं, जांभळं पाणी, पाठीमागून दिवे. मधोमध थर्माकोलचा एक मोठा चंबू, त्यावर सोनेरी अक्षरांत 'केमिस्ट्री'.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनीच वाजवल्या.

कुंदा दारातच उभी राहिली. तिने फळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली, परत फिरवली. होळी महिन्यावर आली होती. शेजारून मनवा म्हणाली, "ताई, आपले खिळे..." कुंदाने तिचा हात घट्ट धरला.

मॅडम पुढे झाल्या. एका जांभळ्या बाटलीकडे वाकून त्यांनी मनवाला विचारलं, "ह्यात काय आहे गं?"

उत्तर कमळाबाईंनी दिलं, मोठ्या कौतुकाने: "खायचो रंग, मॅडम! काय भियाचा नाय. लहान पोरां असतत ना हय."

सर हसले. चांगल्या मनाने हसले. "वा. सजावट सुंदर आहे. पण मुलं स्वतः काय करतात इथे?"

"प्रयोग करतात," कुंदा म्हणाली. "खिळ्यांवर चालू होता एक. गंजाचा."

"अच्छा! दाखवा ना."

एक वाक्य बोलायचं होतं फक्त. काल रात्री ह्यांनी धुऊन टाकला. एवढंच. पण तिच्या समोर हितेंद्र उभा होता, रात्रभर जागून डोळे लाल झालेला, चेहऱ्यावर पोरासारखा आनंद. कमळाबाईंच्या हातांची सालपटं निघाली होती. मंडळाची दहा-पंधरा पोरं धुराच्या पलीकडून तिच्याकडे बघत होती, शाबासकीची वाट बघत. परक्या माणसांसमोर त्यांचं तोंड उतरवायचं? आणि उतरवलं तर संध्याकाळी ह्या खोलीची किल्ली मागायची कुणाकडे? बोलावं तरी वर्ग जातो, न बोलावं तरी जातो.

"आत्ता दाखवता येणार नाही," ती म्हणाली. "चालू होता."

"होता म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"होता."

मग सरांना नारळ दिला गेला, मॅडमना साडी, दोघांना कांदेपोहे. धुराने सरांना खोकला आला.

पाहुणे गेल्यावर पोरं पांगली तेव्हा कुंदा कमळाबाईंच्या दारात गेली. "मावशी, त्या बाटल्यांमधलं पाणी कुठे ओतलंत?"

"मोरीत. गो, काय ती घाण! खालती ह्यो गाळ. दोन घासण्ये मोडले माझे. पावणे येतले आणि तू असा ठेवतंस?"

"आणि खिळे?"

"कुजलेले ते? कचऱ्यात टाकले. एक चांगलो होतो, तेलातलो. तो ठेवलंय हां मी. खिळो कधीय उपयोगी पडता." मग कुंदाचा चेहरा बघून कमळाबाईंचा आवाज खाली आला. "कित्याक गो? काय्येक चुकला?"

"नाही मावशी. छान झालं."

मनवा जिन्यात बसली होती. "तुम्ही बोलला का नाहीत?" तिने विचारलं. कुंदा तिच्या शेजारी बसली. पंचवीस वर्षांत पोरांच्या प्रश्नांना तिने इतक्या वेळा 'तूच शोध' म्हटलं होतं. ह्या वेळी तेही म्हणता आलं नाही.

"आपण परत लावू," ती शेवटी म्हणाली.

"कुठे? मेमध्ये चाळ खाली होतेय ना."

उत्तर बरोबर होतं.

एप्रिलमध्ये पत्र आलं. स्थानिक गटाचा सन्मान उपनगरातल्या दुसऱ्याच एका गटाला गेला होता. कुंदा घाडी यांना मात्र 'ज्येष्ठ स्वयंसेवक' म्हणून गौरवण्यात येणार होतं. दादरच्या एका सभागृहात समारंभ झाला. चाळीतून टेम्पो भरून माणसं आली. शाल झाली, श्रीफळ झालं, काचेच्या चौकटीतलं मानपत्र झालं. त्यात 'निरलस' आणि 'अविरत' असे शब्द होते. चहाच्या वेळी त्या मॅडम तिच्यापाशी आल्या.

"तुमच्या कामाबद्दल आम्हाला शंका नव्हती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण गट म्हणून बघताना... त्या दिवशी मुलांचं स्वतःचं काम आम्हाला दिसलंच नाही. काही कारण होतं का?"

मागच्या खुर्च्यांवर कमळाबाई बटाटावडा रुमालात बांधून घेत होत्या आणि शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या कुंदाक गावला! मियां स्वतः बाटल्यो घासलंय तेच्यासाठी."

"नाही," कुंदा म्हणाली. "दिसलं नसेल."

दुसऱ्या दिवशी चाळीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. कुंदाताईंचा फोटो, मागे तोच थर्माकोलचा चंबू, खाली हितेंद्रसकट सगळ्या कार्यकर्त्यांचे फोटो. तिच्या घरी येऊन हितेंद्र पाया पडला. मग खुर्चीच्या कडेवर बसला.

"ताई, जनरल बॉडी झाली काल."

"बरं."

"मी मांडलं. आईशपथ मांडलं. पण लोक म्हणाले, हे पर्सनल आहे ना. बाईंचं आहे. वर्गाला असतं तर गोष्ट वेगळी. खोली व्यायामशाळेला गेली." तो मान खाली घालून बसला. "मला एक कळत नाही ताई. देखावा तर एक नंबर झाला होता. आपण कमी कुठे पडलो?"

कुंदाने त्याच्याकडे पाहिलं. रसायनशास्त्रात दोनदा नापास झाला तेव्हाही तो असाच बसला होता, असाच विचारत.

"चहा घेतोस?" ती म्हणाली.

मानपत्र कमळाबाईंनीच येऊन तिच्या भिंतीवर लावलं. खिळाही त्यांनीच आणला, पदराला पुसून. "बघ, म्हटला ना मी, उपयोगी पडतलो." हातोडीचे चार घाव घातले आणि नवरदेव भिंतीत गेला. कुंदा स्टूल धरून उभी होती.

मे महिन्यात टेम्पो लागायला सुरुवात झाली. भाड्याच्या जागा कुणाला नालासोपाऱ्यात मिळाल्या, कुणाला बदलापुरात. टॉवर तीन वर्षांत होईल असं सगळे म्हणत होते, पाच वर्षांत होईल असं सगळे जाणून होते. मनवाचं कुटुंब पहिल्याच आठवड्यात गेलं. जाताना ती भेटायला आली तेव्हा पायात नवे सँडल होते आणि घाई होती.

"नवीन शाळा कशी आहे, बघितलीस?"

"लांब आहे. पप्पा म्हणतात दहावीनंतर कॉमर्स घे, तिथे सायन्सचं कॉलेज जवळ नाही."

"तू काय म्हणतेस?"

मनवाने खांदे उडवले. "काय फरक पडतो ताई?" मग पायांना हात लावून, खालून हाका येत होत्या म्हणून, धावत जिना उतरली.

कुंदाचा निघायचा दिवस आला तेव्हा मजल्यावर तिची एकच खोली उरली होती. भावाच्या मुलाने वसईला एक खोली बघून ठेवली होती. सामान बांधून झालं. मानपत्र काढून तिने साड्यांमध्ये गुंडाळलं. खिळा भिंतीतच राहिला होता. तिने पक्कड आणून तो उपटला, रुमालात बांधला, आणि टेम्पोवाल्याला दहा मिनिटं थांबायला सांगून कोपऱ्यावर गेली.

सराफाने तिला लांबूनच ओळखलं. "बाई! होळी होऊन किती दिवस झाले! मी आपली वाट बघतोय. आणा, आणा. पैजेचं काय झालं?"

तिने रुमाल उलगडला.

"एकच? बाकीचे?"

"बाकीचे गेले."

खिळा किंचित वाकला होता, डोक्यावर हातोडीचे चरे होते. चिमट्याने उचलून सराफाने तो काट्यावर ठेवला. आकडा थरथरला आणि थांबला. नवरदेवाचा जुना आकडा कुंदाला पाठ होता, तिने तो सांगितला. सराफाने काट्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"वाढलंय की हो, बाई! वजन वाढलंय! म्हणजे ती पोरगी खरी बोलत होती!"

कुंदाने खिळा उचलून डोळ्यांजवळ नेला. चऱ्यांमध्ये भिंतीचा पांढरा भुगा भरला होता.

"चुना आहे तो," ती म्हणाली आणि रुमालाने पुसायला लागली. रस्त्यावर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, परत दिला. ती पुसतच राहिली.